मदत हवी आहे: राज्यपालांनी आमदारांच्या नेमणुकीवर निर्णयच घेतला नाही तर दाद कशी मागायची?

नमस्कार मंडळी,

आमच्या संविधान अभ्यासगटात राज्यपालनियुक्त आमदारांवर टिपण वाचायचं काम माझ्याकडे आलंय. मी वकील नाही आणि एका मुद्द्यावर गाडी पार अडली आहे. जाणकारांनी मदत करावी.

आपल्या विधान परिषदेच्या ७८ जागांपैकी १२ राज्यपाल भरतात. कलम १७१(५) नुसार साहित्य, विज्ञान, कला, सहकारी चळवळ आणि समाजसेवा यांतली जाणकार माणसं घ्यायची. (राज्यसभेच्या यादीत सहकार नाही, इथे आहे. महाराष्ट्रासाठी मला हे फार मोलाचं वाटतं.) नावं सुचवायची मंत्रिमंडळाने, सही राज्यपालांची. पण सही किती दिवसांत करायची, हे कलमात कुठेच नाही.

नोव्हेंबर २०२० मध्ये तेव्हाच्या सरकारने १२ नावं राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांच्याकडे पाठवली. होकार नाही, नकार नाही. जनहित याचिका झाली. १३ ऑगस्ट २०२१ ला मुंबई उच्च न्यायालयाने म्हटलं की, वाजवी वेळेत शिफारस स्वीकारणं किंवा परत पाठवणं हे राज्यपालांचं घटनात्मक कर्तव्य आहे, आणि आठ महिने पुष्कळ झाले. पण कलम ३६१ प्रमाणे राज्यपाल न्यायालयाला उत्तर द्यायला बांधील नाहीत, म्हणून आदेश देता येत नाही. पुढे सरकार बदललं, २०२२ मध्ये नव्या सरकारने ती यादी मागे घेतली. त्याविरुद्धची याचिका उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये फेटाळली. दरम्यान ऑक्टोबर २०२४ मध्ये सात जण नेमले गेले. म्हणजे जून २०२० पासून चार वर्षांहून जास्त काळ बाराच्या बारा जागा रिकाम्या! त्यातला काही काळ नेमणुकांवरच्या सर्वोच्च न्यायालयाच्या मनाईमुळे गेला हे खरं, पण ती मनाई यायच्या आधीच यादी पाठवून जवळजवळ दोन वर्षं उलटली होती.

आता तेलंगण बघा. तिथे राज्यपालांनी २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने सुचवलेली दोन नावं लेखी नाकारली, आणि मार्च २०२४ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने तो नकार रद्द केला. मला हे खटकतं. लेखी नकार दिला तर तो न्यायालयात तपासला जातो, आणि नुसतं गप्प बसलं तर कुणीच काही करू शकत नाही? मग नकार देण्यापेक्षा फाइल दाबून ठेवणंच सोयीचं ठरतं.

माझे प्रश्न असे:

राज्यपालांना सोडून राज्य सरकारला किंवा राज्यपालांच्या सचिवांना प्रतिवादी केलं, तर कलम ३६१ ची अडचण टळते का? असा प्रयत्न कुठे यशस्वी झालाय का?

नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यपालांकडे संमतीसाठी आलेल्या विधेयकांबाबत मत दिलं: मुदत ठरवून देता येणार नाही, पण कारण न देता दीर्घकाळ काहीच केलं नाही तर न्यायालय मर्यादित निर्देश देऊ शकतं. ते कलम २०० बद्दल होतं. तोच युक्तिवाद कलम १७१(५) ला लावता येईल का? विधेयकाच्या बाबतीत राज्यपालांना निदान काही पर्याय दिलेले आहेत. इथे मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागायचं असेल तर थांबायला जागा आणखी कमी, असं मला वाटतं. हे बरोबर आहे का?

शेवटचं, ज्यांची नावं यादीत होती त्यांना स्वतःचा असा काही हक्क उरतो का, की यादी मागे घेतली की सगळंच संपलं?

निकालांचे दाखले दिलेत तर उत्तम. मराठीत कुणी यावर सविस्तर लिहिलं असेल तर तेही नक्की सांगा.