डिचोलीतल्या जुन्या घराचं स्वयंपाकघर नवं करायचंय, सल्ला हवा

कोकमआगळ:
नमस्कार मंडळी. डिचोली तालुक्यात आमचं आजेसासऱ्यांच्या वेळचं घर आहे, चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंती, वर मंगळुरी कौलं. आम्ही दोघं पणजीचा फ्लॅट सोडून तिथेच कायमचं राहायला जातोय आणि चतुर्थीच्या आत स्वयंपाकघर उभं करायचंय. खोली १२ बाय १४, कोपऱ्यात चूल, बाजूला जमिनीत बसवलेला रगडो, म्हणजे वाटणाचा दगड. सासूबाई अजून आदोळीवर (विळीसारख्या खवणीवर) बसूनच नारळ खवतात, त्यांना उभ्याने करायला लावायचं माझ्या मनात नाही. पण मला चिमणी, इंडक्शन, मोठा फ्रीज हवाय, जमलं तर डिशवॉशरही. एका इंटिरियरवाल्याने फॉल्स सिलिंग आणि चकचकीत पांढरं मॉड्युलर सुचवलं, ते चित्र बघून सासूबाई काही बोलल्याच नाहीत, उठून आत गेल्या. कोणी असं केलंय का? लाकूड, ओटा, चूल ठेवू की काढू, सगळंच सांगा.

मागचीपडवी:
ताई, फॉल्स सिलिंग अजिबात करू नका, हात जोडून सांगते. आम्ही फोंड्याकडच्या घरात नेमकं हेच केलं. पूर्वी चुलीची ऊब आणि धूर वाशांना लागायचा, त्याने लाकूड कोरडं राहायचं, कीड धरायची नाही. आम्ही चूल बंद केली आणि वर झाकण घातलं, म्हणजे ऊबही गेली आणि हवाही. तिसऱ्या पावसात सिलिंगवर तपकिरी डाग आला म्हणून एक तुकडा काढला तर वासा अंगठ्याने दाबल्यावर आत गेला, पोकळ, आत नुसती वाळवी. सासऱ्यांनी हयातभर जपलेलं छप्पर आमच्या हातून गेलं याचं अजून वाईट वाटतं. छत उघडंच ठेवा, ओट्यावर तीन-चार काचेची कौलं घाला, भिंतीत वर जाळीचे झरोके ठेवा आणि वाशांना आत्ताच वाळवीचं औषध मारून घ्या.

रंधापटाशी:
लाकडाचं मी सांगतो, वीस वर्षं हेच काम करतोय. एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड गोव्याच्या पावसात टिकत नाही, जुलैत ड्रॉवर फुगून असा अडकतो की दोघांनी ओढावा लागतो. ओट्याखाली प्लायचे खोकेच करू नका, कडप्प्याचे उभे-आडवे कप्पे बांधा आणि पुढे फणसाच्या किंवा सागवानाच्या लाकडाची आडव्या पट्ट्यांची दारं लावा, आतली भांडी श्वास घेतात, कुबट वास येत नाही आणि दिसायलाही घराला शोभतं. कुठे प्लाय लागलाच तर आयएस ७१० चा, म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या मरीन प्लायचा, छाप बघूनच घ्या. बिजागऱ्या स्टेनलेसच्या, ३०४ ग्रेडच्या.
ओट्याच्या वर मात्र कडप्पा नको. तो चुनखडीचा दगड, कोकमाचं आगळ किंवा लिंबू सांडलं की पॉलिश खाल्लं जातं आणि डाग कायमचा बसतो. संगमरवराचंही तेच. वर काळा ग्रॅनाइट.
आणि भिंतीला सिमेंटचा गिलावा नको, चुन्याचाच करा. चिरा पाणी ओढतो, ते बाहेर पडायला वाट लागते, नाहीतर रंगाचे पोपडे सुटतात.

तीनफेज:
वायरिंग आधी, फर्निचर नंतर, हा क्रम चुकवू नका. २००० वॅटचं इंडक्शन ९ अँपियरच्या आसपास खेचतं, त्याला १६ अँपियरचा वेगळा पॉइंट. डिशवॉशरला वेगळा, फ्रीजला वेगळा. अर्थिंग तपासून घ्या आणि ३० मिलिअँपियरचं आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवा, पावसात भिंती दमट असतात. मातीच्या कुंडल्यातलं (भांड्यातलं) हुमण, म्हणजे माशांची आमटी, इंडक्शनवर होणार नाही, तांब्याचं भांडंही चालत नाही, तेव्हा गॅसचे दोन बर्नर ठेवाच. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, म्हणून हवेला वाट जमिनीलगत हवी.
चिमणीचा ६ इंची डक्ट कौलांतून काढू नका, तिथून गळणारच. बाजूच्या भिंतीतून काढा, बाहेरच्या बाजूला किंचित उतार द्या, पश्चिमेचं तोंड टाळा.

मागचीपडवी:
चुलीबद्दल राहिलं. माझ्या मते आहे तिथेच ठेवा, पावसाळ्यात दोन-तीन दिवसांआड पेटवा.

तीनफेज:
इथे मी सहमत नाही. असा धूर छातीत घेणं सासूबाईंच्या वयाला बरं नाही आणि शेजारी गॅस असताना उघडा जाळ नकोच. पडवीत न्या.

कोकमआगळ:
सगळ्यांचे मनापासून आभार, सासूबाईंना वाचून दाखवलं. चूल मागच्या पडवीत न्यायची असं त्यांनीच ठरवलं, बिकणां (फणसाच्या बिया) भाजायला आणि अंघोळीच्या पाण्याला. फॉल्स सिलिंग रद्द. रगडो मात्र हलणार नाही, त्याच्या भोवतीच लाल कोबा घालायचा. एकच राहिलं, आदोळीचं काय करू?

रंधापटाशी:
काचेच्या कौलाखाली ९ इंच उंचीचा बसका ओटा बांधा, २ बाय ३ फूट, मागे भिंत टेकायला आणि उठताना धरायला लाकडी दांडी. शेजारी खाली एक नळ. नेवऱ्या (करंज्या) करायला चतुर्थीला सगळ्या तिथेच जमतील. माप घेताना सासूबाईंना प्रत्यक्ष बसवून घ्या, गवंड्याच्या अंदाजावर सोडू नका.