मदत हवी आहे: बाबांसाठी बास मासा पकडायचा रॉड, रील आणि लाईन (डॅलसजवळ)

नमस्कार मंडळी,

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आई-बाबा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे येताहेत. आम्ही फ्रिस्कोला राहतो, डॅलसच्या उत्तरेला. मागच्या खेपेला आईचा वेळ नातवंडांत, देवळात आणि मंडळाच्या कार्यक्रमांत छान गेला. बाबांचा गेला नाही. गाडीशिवाय घराबाहेर पडता येत नाही, गप्पा मारायला कोणी नाही, दुपारभर खिडकीशी बसून असायचे. एकदा सहज एका तळ्याशी गाडी थांबवली. काठावर एक माणूस बास पकडत होता. बाबा त्याच्या हातांकडे बघत तासभर उभे राहिले, निघायला तयार नाहीत. यंदा त्यांच्या स्वतःच्या हातात गळ द्यायचाच, हे मी तेव्हाच ठरवलं.

बाबा रेवदंड्याचे. कुंडलिकेच्या खाडीवर लहानपणापासून तंगूस (नायलॉनची दोरी), गरी आणि शिसं एवढ्यावरच मासे धरले. रॉड कधी हातात घेतलेला नाही. तंगूस तर्जनीवर घेऊन बसायचे आणि खाली शिंगाळा टोचतोय की जिताड्याने तोंड लावलंय, हे पाण्याकडे न बघता सांगायचे. आता वय ७१. उजवा खांदा दोन वर्षांपूर्वी आखडला होता. आता बरा आहे, पण हात डोक्यावर नेऊन जोरात फेकणं जमत नाही.

तयारी म्हणून मी उन्हाळ्यात एका दुकानात गेलो. विक्रेत्याने सांगितलं, बास म्हणजे बेटकास्टर (रॉडच्या वर बसणारं, फेकताना स्पूल म्हणजे लाईनची फिरकी स्वतः फिरणारं रील), आणि ७ फुटी हेवी रॉड, बेटकास्टर रील, वर ५० पौंडी (तेवढा ताण सोसणारी) ब्रेडेड, म्हणजे विणलेल्या धाग्यांची लाईन असा संच दिला. तीन शनिवार तळ्यावर गेलो आणि निम्मा वेळ गुंता सोडवण्यात गेला. आमिषाचा वेग कमी होतो, स्पूल मात्र फिरतच राहतं, अंगठ्याने वेळेवर दाबलं नाही की लाईन आतल्या आत उसळते. शिवाय रॉडवर अर्धा ते दीड औंस असं लिहिलंय आणि मी लावत होतो पाव औंसाचं आमिष, म्हणजे रॉड वाकतच नव्हता. सरावाने हे जमेल, पण बाबांचा पहिला दिवस असा जायला नको.

म्हणून विचारतोय. स्पिनिंग रील घेऊ का? रॉड किती लांबीचा, मीडियम की मीडियम-हेवी? आणि सगळ्यात जास्त गोंधळ लाईनचा आहे: मोनो (एकसंध नायलॉन), फ्लुरोकार्बन की ब्रेडेड? सगळं मिळून १५० डॉलरपर्यंत खर्च करू शकतो. त्यांना माशाचं तोंड लागलेलं बोटाला कळलं पाहिजे, ही माझी मुख्य अट. दुकानात हे समजावून सांगता आलं नाही, इथे कोणाला तरी कळेल असं वाटतं.

प्रतिसाद १

दादा, डोळे मिटून स्पिनिंग घ्या. मी ह्यूस्टनला असतो, बारा वर्षं बासच्या मागे आहे, आणि माझ्याकडे बेटकास्टर चार असले तरी पाहुण्याच्या हातात मी स्पिनिंगच देतो.

तुमच्या बाबांच्या बाबतीत तर एक वेगळंच कारण आहे. स्पिनिंग रील रॉडच्या खाली लटकतं आणि लाईन तर्जनीच्या अगदी जवळून जाते. आमिष तळाला बसलं की त्यांनी तर्जनी लांब करून लाईन तिच्यावर घ्यायची. म्हणजे तंगूस धरायची तीच सवय. मी प्लॅस्टिकचा किडा लावतो तेव्हा आजही असाच बसतो.

खांद्याचं म्हणाल तर डोक्यावरून फेकायची गरजच नाही. कमरेच्या उंचीवरून, मनगटाने, आडव्या हाताने फेकलं तरी पुरेसं लांब जातं. मात्र रॉड हलका हवा. ६ फूट ६ इंच ते ६ फूट १० इंच, पॉवर मीडियम, ॲक्शन फास्ट. पॉवर म्हणजे रॉड वाकवायला किती जोर लागतो, आणि ॲक्शन म्हणजे तो कुठून वाकतो. फास्ट रॉड शेंड्याकडे वाकतो, म्हणून टोचणी हातापर्यंत पोचते. रॉडवर १/८ ते ५/८ औंसाच्या आसपासचा आकडा बघा, तुमच्या आमिषाला तोच जुळेल.

रील २५०० साइझचं, म्हणजे लहान-मध्यम. हँडल काढून कुठल्याही बाजूला लावता येतं, बेटकास्टरला ते करता येत नाही. उजव्या हाताने रॉड धरून बघा, खांदा कुरकुरला तर हँडल बदलून डाव्याने धरायला द्या. आणि एक सवय पहिल्या दिवसापासून लावा: फेकून झालं की रीलवरची, फेकताना उघडलेली तारेची कमान हाताने मिटवायची, हँडल फिरवून नाही. लाईनला पीळ बसणं बरंच कमी होतं.

प्रतिसाद २

वरच्या सगळ्याशी सहमत. लाईनबद्दल मात्र मला ठासून सांगायचंय, कारण यात इजा होऊ शकते.

बोटाला कळायला हवं म्हटलं की कोणीही ब्रेडेड सुचवेल, आणि ते खरंही आहे. ब्रेडेड ताणली जात नाही, तळावरचा खडासुद्धा कळतो. बारीकही असते, ३० पौंडी ब्रेडेडची जाडी साधारण ८ पौंडी मोनोएवढी. पण ज्याने आयुष्यभर हाताने तंगूस ओढलं, तो मासा लागल्यावर काय करेल? रॉड सोडून लाईन पकडेल आणि पंज्याभोवती वेढा घेईल. माझ्या काकांनी माझ्यासमोर हेच केलं. ब्रेडेड सुरीसारखी कापते. दोन बोटांना टाके पडले.

म्हणून बाबांच्या स्पूलवर ८ पौंडी मोनो भरा. १० पौंडी या छोट्या स्पूलवर स्प्रिंगसारखी वेटोळी धरते. मोनो म्हणजे त्यांच्या ओळखीचं तंगूसच, गाठसुद्धा ते स्वतःची मारतील आणि ती बसेल. थोडी ताणते हे खरं, पण ज्यांची बोटं इतकी तयार आहेत त्यांना तेवढं पुरेल. वर ताणल्यामुळे जोराचा हिसका बसला तरी ती सावरून घेते.

फ्लुरोकार्बन पाण्यात कमी दिसते आणि बुडते, पण सबंध स्पूल तिने भरायच्या भानगडीत आत्ता पडू नका. स्पूल काठोकाठ भरू नका, कडेपासून १/८ इंच खाली ठेवा.

प्रतिसाद ३

ताई म्हणून सांगते, खरेदीआधी एक काम करा. टेक्सासच्या बऱ्याच स्टेट पार्कांत गळाचं सामान उसनं मिळतं, आठवडाभर वापरून परत द्यायचं. पार्कच्या हद्दीत काठावरून किंवा धक्क्यावरून मासे धरायला लायसन्सही लागत नाही, पाहुण्यांनाही नाही. फक्त पार्कचं प्रवेशशुल्क. तुम्हाला लेक रे रॉबर्ट्स जवळ पडेल. तिथल्या आइल डू बॉय भागात दिवे असलेला मासेमारीचा धक्का आहे, बाबांना खुर्ची टाकून बसता येईल.

ऑक्टोबर चांगला आहे. पाणी निवायला लागलं की शॅड नावाची छोटी मासळी खाजणासारख्या आत शिरलेल्या फाट्यांत जाते आणि बास तिच्यामागे. बोयींमागे जिताडा येतो ना, तसंच. बाबांना एवढं सांगा, जागा ते स्वतः शोधतील. आमिषाला ५ इंची मऊ प्लॅस्टिकचा किडा, ३/० ची ऑफसेट गरी, शिसं न लावता. आपोआप डुलत खाली जातो.

बास घरी न्यायचा असेल तर राज्याचा सर्वसाधारण नियम किमान १४ इंच आणि माणशी दिवसाला ५ असा आहे, पण काही तलावांचे नियम वेगळे असतात, जाण्याआधी बघून घ्या. आणि धरताना खालच्या ओठाला अंगठा लावून उचलायचा. दात खरखरीत कागदासारखे असतात, कापत नाहीत. जिताड्याचा कल्ला कापतो म्हणून बाबा कदाचित तोंडाजवळ हात न्यायला कचरतील, त्यांना आधी दाखवा.

धागाकर्ता

तिघांचे मनापासून आभार. वेढ्याची गोष्ट माझ्या लक्षातच आली नव्हती. बाबा नक्की तेच करतात, त्यांच्या तळहातावर जुन्या तंगसाच्या रेघा आहेत. मी ब्रेडेड मागवणारच होतो.

तर ठरलं: ६ फूट ८ इंची, मीडियम पॉवर, फास्ट ॲक्शनचा, दोन तुकड्यांचा रॉड, म्हणजे गाडीत मावेल, २५०० चं रील आणि ८ पौंडी मोनो. बेटकास्टर माझ्याकडेच राहील, त्यावर मी अर्ध्या औंसाच्या आमिषाने सराव करतो.

एकच शंका उरली. ड्रॅग, म्हणजे मासा ओढू लागला की लाईन सोडणारा रीलचा ब्रेक, किती घट्ट ठेवू? बाबांना ही कल्पनाच नवीन आहे. ते हाताने ढील देतात.

प्रतिसाद १

लाईनच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश. ८ पौंडीला दोन-अडीच पौंड. घरचा हुकाचा वजनकाटा लाईनला बांधून ओढा, त्या आकड्याला स्पूल सरकायला लागलं की झालं. बाबांना सांगा, ढील आता रील देणार, बोट मात्र तुमचंच.

धागाकर्ता

काल रात्री फोनवर अगदी हेच सांगितलं. थोडा वेळ गप्प होते. मग विचारलं, तिथलं पाणी गोडं ना? आणि तळाला चिखल की खडक? शनिवारी धक्क्यावर जाऊन शिसं सोडून बघतो आणि त्यांना कळवतो.