घाटासाठी कोणतं घड्याळ?
सातारा हिल हाफ मॅरेथॉनसाठी गार्मिनचं पळण्याचं घड्याळ फोररनर ५५ घेऊ की १६५ असं विचारलंयस, तर माझं मत सरळ १६५, कारण ५५ मध्ये बॅरोमीटर (हवेचा दाब मोजणारा सेन्सर) नाहीये आणि यवतेश्वरच्या घाटात किती चढलो हे हवेच्या दाबावरून मोजलेलंच जास्त भरवशाचं असतं. पण चढावर पेसकडे, म्हणजे किलोमीटरला किती मिनिटं लागतायत त्याकडे, बघूच नकोस रे, वळणावळणाला तो आकडा उड्या मारतो, त्यापेक्षा श्वासाकडे लक्ष ठेव. मनगटावरचा हार्टरेट सेन्सर कधीकधी हृदयाच्या ठोक्यांऐवजी पावलांचा ठेकाच पकडून बसतो, म्हणून घड्याळ सैल नको, मनगटाच्या हाडाच्या जरा वर घट्ट बांध, बजेट उरलंच तर हार्टरेट मोजणारा छातीचा पट्टा घे. आणि हो, उतारावर पळायची प्रॅक्टिस आत्तापासूनच कर, परतीच्या वाटेवर मांड्या पार पिळून निघतात.