बेदाण्याच्या बॉक्सवर ‘नॅचरल’ छापायचं का?

तासगावकर: काल इथे एकानं लिहिलं, “द्राक्ष वेलीला लागतं, म्हणून आपला सगळाच बेदाणा नॅचरल.” असं सांगून नव्या पोरांना लेबलं छापायला लावू नका. कॅलिफोर्नियाच्या बाजारात ‘नॅचरल सीडलेस’ म्हणजे कुठल्याही द्रावणात न बुडवता उन्हात वाळवलेला, थॉमसन या बिनबियांच्या द्राक्षाचा काळपट तपकिरी बेदाणा. बुडवून काढलेला तो ‘डिप्ड’, आणि गंधक देऊन यंत्रात वाळवलेला तो ‘गोल्डन’. द्राक्ष एकच, नाव पडतं प्रक्रियेवरून. आपण लिटरभर पाण्याला २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि १५ मिली डिपिंग ऑइल घालतो, घड २ ते ४ मिनिटं बुडवतो आणि मग सावलीत जाळीच्या रॅकवर वाळत टाकतो. हा नॅचरल कसा?

रॅकवाला: डिपिंग म्हणजे विष असल्यासारखं बोलू नका. मण्याच्या सालीवर मेणाचा थर असतो. तो मोडला नाही तर आतलं पाणी लवकर निघत नाही. बुडवलेला माल १२-१५ दिवसांत रॅकवरून उतरतो. न बुडवलेला तसाच अडकून पडतो, आणि मार्चमध्ये अवकाळी आला की मणी काळे पडतात, बुरशी धरते. त्या काळ्या मालाला भाव तुम्ही देणार का? आणि सौद्यात बघायच्या नावाखाली मुठी भरभरून बेदाणा उधळतात, ते नुकसान शेतकऱ्याच्या माथी. त्यावर लिहा की कधीतरी!

मिरजेची बाई: उधळणीचा राग रास्त आहे, पण त्यानं ‘नॅचरल’चा अर्थ बदलत नाही. हा शब्द कशाला जोडलाय ते बघा. ‘नॅचरल कलर’ हे फक्त रंगापुरतं झालं. नुसतं ‘नॅचरल’ लिहिलं की गिऱ्हाईक ‘यात काही घातलेलं नाही’ असंच धरतं. एफएसएसएआय या अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या, लेबलवरच्या दाव्यांबद्दलच्या २०१८ च्या नियमांतही हीच अट आहे: एकच पदार्थ, त्यात वरून काही घातलेलं नको. वाळवणं चालतं.

अडतीवरचा: मग धुरीवाल्यांचं काय? खरी फसवणूक तिथं आहे. बंद खोलीत गंधक जाळून पिवळाधमक केलेला मालही ‘नॅचरल’ म्हणून खपतो. डिपिंगवाल्यांच्या मागे कशाला लागता?

रॅकवाला: पिवळा मागतं कोण? तुमचंच गिऱ्हाईक. धुरी न दिलेल्या बेदाण्याचा हिरवा रंग शीतगृहाबाहेर टिकत नाही, लालसर पडला की तुम्हीच भाव पाडता. मग लोक धुरी देणारच.

मिरजेची बाई: द्या, पण छापा. गंधकाच्या धुरीनं मालात उतरणारं सल्फाइट किलोमागे १० मिलिग्रॅम किंवा जास्त असेल तर लेबलवर सांगावंच लागतं. दम्याच्या काही रुग्णांना त्यानं धाप लागते. रंगाच्या भावापेक्षा ते मोठं आहे.

अडतीवरचा: ते कबूल. पण डिपिंगवाल्या मालाला ‘केमिकलयुक्त’ म्हणाल तर सांगलीचा सगळा बाजार बसेल.

तासगावकर: तसं कुणी म्हटलंच नाही. ‘शेड ड्राइड’ लिहा, ते खरं आहे: सावलीत, वाऱ्यावर वाळवलेला. धुरी नसेल तर ‘गंधकाची धुरी नाही’ हे मराठीत ठळक छापा.

रॅकवाला: बरं, ‘शेड ड्राइड’ छापतो. पण धुरी न दिलेल्या मालाला दोन पैसे जास्त द्यायचं अडतवाल्यांनी आधी इथे लिहून द्यावं.