कूळ की भाडेकरू शेतकरी?

पाणंद: एका अहवालाचा अनुवाद करतेय. जमीन एकाच्या नावावर, कसणारा दुसरा, आणि त्याचा गावाच्या कमाईवर होणारा परिणाम असा विषय. कसणाऱ्याला मी सगळीकडे 'कूळ' म्हटलं. तपासणाऱ्यांनी प्रत्येक ठिकाणी खोडून 'भाडेकरू शेतकरी' केलं. शेरा असा, की कूळ म्हणजे घराणं, नव्या वाचकाला कळणार नाही. काय ठेवू?

कातळसडा: भाडेकरू खोलीत राहतो. शेत कसतं ते कूळ. माझे आजोबा खोताचं, म्हणजे कोकणात गावाचा सारा वसूल करणाऱ्या वतनदाराचं, कूळ होते. खोती गेली १९४९ च्या कायद्यानं, पण त्याआधी १९३७ मध्ये बाबासाहेबांनी ती मोडायचं विधेयक विधिमंडळात मांडलं होतं, आणि अलिबागजवळच्या चरी गावात लोकांनी १९३३ पासून सहा वर्षं जमिनी न कसता संप चालवला. ती सगळी कुळंच. आजोबांच्या पत्र्याच्या डब्यात '३२ म'चा, म्हणजे कुळानं जमीन विकत घेतल्याचा, दाखला आहे, घड्यांवर फाटलेला, मागून धोतराची पट्टी खळीनं चिकटवलेली. त्या कागदासाठी ते कूळ होते. त्यांना भाडेकरू म्हणाल तर मला लागेल.

शब्दवेडा: कूळ हा मूळचा संस्कृतच. कुळवाडी, कुळकर्णी त्यातलेच. फुल्यांनी १८६९ च्या पोवाड्यात शिवरायांना 'कुळवाडीभूषण' म्हटलं, तिथं कूळ म्हणजे रयत.

बांधावरून: कुळवाडी म्हणजे सरसकट शेतकरी हो, स्वतःची जमीन असणाराही. कायद्यातलं कूळ वेगळं. दोन्ही एकत्र करू नका.

काळी माती: आमच्याकडे मराठवाड्यात कूळ हा कचेरीतला शब्द, १९५० च्या हैदराबाद कूळ कायद्यातला. बोलताना बटईनं किंवा ठोक्यानं. बटईत पीक वाटून घ्यायचं, ठोक्यात पैसे आधी मोजायचे. दुष्काळ पडला तर बटईत दोघं बुडतात, ठोक्यात एकटा कसणारा. हा फरक 'भाडेकरू'त कुठं दिसतो?

माडाखाली: गोव्यात कूळ आणि मुंडकार असे दोन. मुंडकाराचं घर भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीत असतं, त्याला संरक्षण देणारा कायदा १९७५ चा. शेत कसतो तो कूळ. त्यामुळे सरसकट एकच शब्द लावू नये.

बांधावरून: पाणंदताई, अहवाल कोणत्या काळाबद्दल आहे? १ एप्रिल १९५७ ला, कृषक दिनी, कसणारं कूळ कायद्यानं जमिनीचं खरेदीदार मानलं गेलं. म्हणजे कूळ या शब्दात हक्क आहे. म्हणूनच मालक त्याला भितो. माझ्या मामांची चार एकर जमीन अकरा वर्षं पडून होती, शेजारी मागत होता तरी दिली नाही. मामा म्हणायचे, "कूळ लागलं तर?" आता शेजारी कसतो, पण तोंडी. सातबाऱ्यावर नाव नाही, म्हणून सोसायटीचं पीककर्ज नाही. विम्याला नोंदणीकृत भाडेकरार मागतात, तो मामा करून देत नाहीत. गेल्या पावसात सोयाबीन शेतातच कुजलं, बियाणं-खताची उधारी त्याच्या डोक्यावर आली. त्याला कूळ म्हणणं खोटं होईल. सरकारी निर्णयातही 'कुळाने अगर भाडेपट्टीने' असे दोन वेगळे शब्द असतात.

पाणंद: अहवाल आजचाच आहे, तोंडी कसणाऱ्यांबद्दल. मग 'वाट्याने कसणारे' चालेल का?

शब्दवेडा: वाट्यानं म्हणजे पिकाचा हिस्सा. ठरलेली रक्कम असेल तर 'खंडाने'. खंड हा 'खंडी' या मापावरून आला असणार, भात खंडीनं मोजत.

कातळसडा: नाही पटत. आमच्याकडे खंड म्हणजे एकदा तोडून ठरवलेलं, पीक येवो न येवो. खंडून घेणे, त्यातलंच.

शब्दवेडा: मग खंडणी?

कातळसडा: तीही तोडून ठरवलेलीच की. आमची आजी खंडाचं भात मापताना पहिली पायली "लाभ" म्हणून मोजायची, एक म्हणायची नाही. खोताच्या अंगणातही तसंच.

काळी माती: आमच्याकडेही "लाभ"च. खळ्यावर.