लोकपाल, लोकायुक्त की एसीबी? कोल्हापुरातून तक्रार कुठं करायची

करवीर_वाचक
नमस्कार मंडळी. पेठेतल्या तालमीसाठी भ्रष्टाचाराच्या तक्रारींवर एकपानी माहितीपत्रक करतोय. लोकपाल कायदा झाला म्हणजे तलाठ्यापासून खासदारापर्यंत कुणाचीही तक्रार दिल्लीला करता येते, असं बहुतेकांना वाटतं. हे बरोबर आहे का? सातबाऱ्यावर वारसनोंदीसाठी पैसे मागितले तर जायचं कुठं? आणि लोकपाल खरंच स्वतंत्र आहे का?

कलमवाला
तलाठी लोकपालाच्या कक्षेत येत नाही. माणूस कुणाच्या नोकरीत आहे, ते आधी बघा. 2013 च्या कायद्यात पंतप्रधान (काही विषय वगळून), केंद्रीय मंत्री, खासदार आणि केंद्राचे 'अ' ते 'ड' गटातले कर्मचारी येतात. म्हणजे कोल्हापुरातला रेल्वेचा किंवा आयकर खात्याचा कर्मचारी त्यात बसतो, तहसील कचेरीतला नाही.

तक्रार ठरलेल्या नमुन्यात, प्रतिज्ञापत्र आणि ओळखपत्रासह द्यावी लागते. निनावी घेत नाहीत. मराठीत चालते. गुन्ह्याला 7 वर्षं उलटली असतील तर चौकशी होत नाही. बऱ्याच तक्रारी मुळातच चुकतात, कारण पेन्शन रखडली किंवा बदली झाली नाही ही गाऱ्हाणी असतात. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याखालचा गुन्हा नसतो. जाणूनबुजून खोटी तक्रार केली तर 1 वर्षापर्यंत कैद आणि 1 लाखापर्यंत दंड आहे, हे पत्रकात ठळक छापा.

राज्याच्या कर्मचाऱ्यांसाठी 1971 च्या कायद्यानं आलेले लोकायुक्त आहेत, पण ते शिफारस करतात, अटक नाही. पैसे मागितलेत आणि अजून दिले नाहीत, तर सरळ एसीबी, म्हणजे लाचलुचपत प्रतिबंधक विभाग.

सापळा_पंच
वारसनोंदीच्या उदाहरणात 1064 ला फोन करा किंवा शहरातल्या एसीबी कार्यालयात जा. तक्रार घेतली की लगेच सापळा लागत नाही, आधी पडताळणी होते. तक्रारदाराला रेकॉर्डर देऊन पंचासोबत पाठवतात आणि मागणी स्पष्ट रेकॉर्ड व्हावी लागते. मग नोटांचे नंबर पंचनाम्यात लिहून त्यांना अँथ्रासीन पावडर लावतात; अतिनील दिव्याखाली ती हातावर चमकते. पैसे तक्रारदाराचेच असतात, पुढं सरकार परत करतं.

केस पडते ती बहुधा मागणी सिद्ध न झाल्यानं. नुसती हातावर पावडर सापडून भागत नाही. म्हणून "साहेब, किती द्यायचे?" असं आपण विचारायचं नाही, काम का अडलंय एवढंच विचारा, आकडा त्यांच्या तोंडून येऊ दे. तक्रारदार पुढं फितूर झाला तरी इतर पुराव्यांवरून मागणी सिद्ध करता येते, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं 2022 मध्ये नीरज दत्ता खटल्यात सांगितलंय. तरीही सुरुवातीचं रेकॉर्डिंग चांगलं असलं की निम्मं काम झालं.

करवीर_वाचक
आणि आधीच पैसे देऊन बसलाय त्याचं काय?

सापळा_पंच
2018 च्या दुरुस्तीनंतर लाच देणंही गुन्हा आहे. बळजबरीनं द्यावी लागली असेल तर 7 दिवसांत पोलीस किंवा तपास यंत्रणेला कळवलं की संरक्षण मिळतं. आठव्या दिवशी तो आधार गेला. हे पत्रकात सगळ्यात वर घाला, कारण लोक इथंच घाबरून गप्प बसतात.

कलमवाला
स्वातंत्र्याचं राहिलं. लोकपालाला हटवायचं तर किमान 100 खासदारांच्या सह्यांचा अर्ज, राष्ट्रपतींचा संदर्भ आणि सर्वोच्च न्यायालयाची चौकशी लागते. लोकपालानं सोपवलेल्या प्रकरणातल्या सीबीआय अधिकाऱ्याची बदली लोकपालाच्या मंजुरीशिवाय होत नाही. ही कलमं चांगली आहेत. दुखणं नेमणुकीत आहे. कायदा 16 जानेवारी 2014 ला लागू झाला आणि पहिले लोकपाल, न्या. पिनाकी चंद्र घोष, आले मार्च 2019 मध्ये. निवड समितीत विरोधी पक्षनेता हवा होता आणि लोकसभेत त्या पदाला मान्यताच नव्हती, हे त्यातलं मोठं कारण. पाच वर्षं कागदावर कायदा आणि खुर्ची रिकामी, हे मला फार लागतं.

राज्यात मुख्यमंत्र्यांनाही लोकायुक्तांच्या कक्षेत आणणारं विधेयक विधानसभेनं डिसेंबर 2022 मध्ये आणि परिषदेनं डिसेंबर 2023 मध्ये मंजूर केलं. पत्रकात 1971 च्या कायद्यावर लिहिताना त्याचीही ओळ द्या. मसुदा इथं टाका, कलमांचे क्रमांक तपासून देतो.