बालकांवरील हिंसाचार रोखण्यासाठी प्रादेशिक बैठक : मुलांचा सहभाग कसा ठेवावा?

प्रश्न :
नमस्कार. बालकांवरील हिंसाचाराच्या प्रतिबंधाबाबत काही शेजारी देशांची सरकारी खाती, स्वयंसेवी संस्था आणि मुलांचे प्रतिनिधी यांची तीन दिवसांची विचारविनिमय बैठक भरवण्याचे काम आमच्याकडे आले आहे. विषयपत्रिकेच्या कच्च्या मसुद्यात मुलांसाठी शेवटच्या दिवशी अर्धा तास राखून ठेवला आहे. मुलांनी पूर्ण वेळ सभागृहात बसावे, असे काही सहकाऱ्यांना वाटते. तर एखादे मूल स्वतःवर ओढवलेला प्रसंग सर्वांसमोर सांगू लागले तर काय करायचे, ही इतरांची धास्ती आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर 1 :
बालकांवरील हिंसाचाराबाबतच्या संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अभ्यासासाठी 2005 मध्ये नऊ प्रादेशिक बैठका झाल्या. पोर्ट ऑफ स्पेन, इस्लामाबाद, बँकॉक, कैरो, लुब्लियाना ही त्यांपैकी काही ठिकाणे. अभ्यासाचे प्रमुख पाउलो सर्जिओ पिन्हेरो यांचा अहवाल 2006 मध्ये आमसभेपुढे आला. त्या प्रक्रियेतून घेण्याजोगी गोष्ट म्हणजे मुलांची स्वतंत्र पूर्वबैठक. मुलांनी आधी आपापसात चर्चा करून मागण्या ठरवल्या, तर मोठ्यांसमोर त्या ठामपणे मांडता येतात. शेवटच्या दिवसाचा अर्धा तास म्हणजे निव्वळ उपचार, कारण तोवर शिफारशींचा मसुदा तयार झालेला असतो. बालहक्क कराराच्या बाराव्या कलमानुसार मुलांच्या मताला योग्य महत्त्व द्यायचे, तर ते मत मसुदा लिहिण्यापूर्वीच हाती यायला हवे.

त्या अभ्यासाने घर व कुटुंब, शाळा, संगोपन व न्यायव्यवस्थेतील संस्था, कामाची ठिकाणे आणि समाज अशी पाच क्षेत्रे धरली होती. गटचर्चेसाठी ही विभागणी सोयीची आहे. मात्र घराचा विषय निघाला की चर्चा चटकन शाळेकडे वळते, हे लक्षात ठेवून त्या गटाला अनुभवी संचालक द्यावा.

उत्तर 2 :
आपल्या सहकाऱ्यांची धास्ती रास्त आहे, पण तिच्यावरचा उपाय मुलांना दूर ठेवणे हा नव्हे. प्रश्न कसा विचारला जातो यावर बरेच अवलंबून असते. ‘तुला कोणी मारले आहे का?’ असे विचारले की मुलाला आपबीती सांगण्यावाचून गत्यंतर राहत नाही. ‘शाळेत मारहाण झाली तर तक्रार कुठे करायची, हे तुमच्या वयाच्या मुलांना माहीत असते का?’ असे विचारले की तेच मूल व्यवस्थेबद्दल बोलते. प्रत्येक सत्राचे प्रश्न आधी लिहून घेऊन समुपदेशकाकडून तपासून घ्यावेत. तरीही एखादे मूल मन मोकळे करू लागले, तर ते कोणाशी बोलेल, कोणती खोली वापरायची आणि मूल ज्या देशाचे आहे तिथल्या कायद्यानुसार कोणाला कळवणे बंधनकारक आहे, हे उद्घाटनापूर्वी ठरलेले असावे. पालकांची संमती घ्यावी, पण मुलाचीही वेगळी घ्यावी, आणि छायाचित्रांसाठी ती पुन्हा विचारावी. दुभाषे आणि स्वयंसेवक यांनाही आचारसंहितेवर सही करायला लावावी, कारण मुलांच्या सर्वांत जवळ तेच असतात.

उत्तर 3 :
दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे. फक्त मला बैठकीनंतरची चिंता अधिक वाटते. ‘संबंधितांनी योग्य ती कार्यवाही करावी’ हे वाक्य शिफारशींत आले की ती शिफारस कोणाचीच राहत नाही. (अशा वाक्यांवर मसुदा समितीचे भारी प्रेम असते!) शारीरिक शिक्षेवर संपूर्ण बंदी घालणारा कायदा स्वीडनने 1979 मध्येच केला, तेव्हा इतक्या नेमक्या भाषेत मागणी करणे अवास्तव नाही. प्रत्येक शिफारशीपुढे खाते, मुदत आणि कशावरून प्रगती मोजायची ते लिहावे. दक्षिण आशियातील 2005 च्या बैठकीच्या पाठोपाठ पाठपुराव्यासाठी प्रादेशिक मंच उभा राहिला, तसा आपल्याकडे कोणता असेल, हे निमंत्रणे पाठवतानाच सरकारांना विचारा. आणि खर्चाच्या अंदाजात मुलांना परत कळवण्याचा खर्च धरा : त्यांच्या कोणत्या मागण्या मान्य झाल्या, कोणत्या वगळल्या आणि का, हे त्यांना त्यांच्या भाषेत लेखी मिळायला हवे.